समोर कोणी नसताना

आयुष्यात मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो तांबोळी सरांचा. भोरच्या कॉलेजात ते आम्हाला संस्कृत शिकवायचे, आणि श्लोकाचा अर्थ सांगण्याआधी बाक हलवायला लावायचे. "हा बाक म्हणजे घराचा ओटा. ते दार म्हणजे गावाची वेस. आता सांगा, कोण बोलतंय? कोणाशी? आणि आडून तिसरं कोण ऐकतंय?" चार ओळींचा श्लोक त्यांच्या लेखी एक छोटं नाटक होतं. सुनेने सासूला सांगितलेलं वाक्य खरं तर ओट्यावर टेकलेल्या वाटसरूसाठी असतं, हे त्यांनी आम्हालाच सासू, सून आणि वाटसरू करून दाखवलं. सासू बहुतेक वेळा मीच असायचो.

मी वेल्ह्याकडच्या एका वरच्या वाडीतला. घरी गुरं आणि शेळ्या. संस्कृत घेतलं म्हटल्यावर वडील म्हणाले, "आरं, त्या भाषेत शेळीला हाकबी मारता येत न्हाई." मी ते सरांना सांगितलं. सर हसले नाहीत. म्हणाले, "वडलांना विचार, चुकलेल्या शेळीला हाक कशी मारतात."

वडलांनी कड्यावर उभं राहून दाखवलं. हाक मारली, मग मान वाकडी करून खालच्या रानाकडे कान दिला.

"बघ," सर म्हणाले, "हाक मारणारा थांबतो. नाटक त्या थांबण्यात असतं."

जुन्या नाटकांत आकाशभाषित नावाची एक रीत आहे. नट एकटाच येतो. समोर कोणी नसतं. तो वर पाहून प्रश्न विचारतो, क्षणभर थांबतो, आणि "काय म्हणतोस?" असं म्हणून न आलेलं उत्तर स्वतःच बोलून दाखवतो. सरांना ही रीत फार प्रिय. शेवटच्या वर्षी संस्कृतला मी एकटा उरलो, तरी सर रिकाम्या बाकांना प्रश्न विचारायचे. कान देऊन थांबायचे. मग म्हणायचे, "काय म्हणतोस? हा वेल्हेकर पुढच्या बाकावर बसून डुलक्या घेतोय?"

घरी त्यांचं वाचन त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, ऐकायच्या. त्यांना संस्कृत येत नव्हतं. तांदूळ निवडता निवडता त्या एवढंच म्हणायच्या, "आज आवाज बसलाय तुमचा," किंवा "हे कालच्यापेक्षा बरं झालं." काकू गेल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांचं तांदळाचं सूप कोपऱ्यात उभं होतं. सर म्हणाले, "घरात आता नुसता शोक आहे. शोकाचा करुण रस व्हायचा तर एक ऐकणारा लागतो. पुस्तकात त्याला सहृदय म्हणतात. आमच्याकडे ती तांदूळ निवडत बसायची."

मी नसरापूरला शाळेत शिक्षक म्हणून लागलो होतो. जाणं कमी होत गेलं. एक दिवस सरांच्या शेजारच्या शांताकाकूंचा फोन आला. "आरं बाळा, सर एकलंच बोलत्यात. भिंतीला इचारत्यात, आन भिंतीच्या वतीनं उत्तरबी तेच देत्यात. म्या त्यांच्या समीरला बोलावून घेतलंय. तूबी ये."

समीरदादा सोलापूरहून आले होते. सरांची बॅग अर्धी भरलेली होती. मी दादांना आकाशभाषित समजावून सांगितलं. परीक्षेत लिहितात तसं, व्याख्या आणि उदाहरणासकट. मला वाटलं, हे पटलं तर सरांचं घर सुटणार नाही.

"म्हणजे अब्बा बरे आहेत?"

"अगदी बरे आहेत."

सर खुर्चीतून म्हणाले, "ज्याला भास होतो त्याला समोर माणूस दिसतो. नटाला पक्कं ठाऊक असतं की समोर कोणी नाही. मला ठाऊक आहे, समीर."

समीरदादा सरांच्या खुर्चीशी येऊन बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "तेच तर, अब्बा. तुम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच न्यायला आलोय."

सरांनी हातातलं पुस्तक स्वतःच बॅगेत ठेवलं. दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर मी बॅग वर ठेवून दिली. गाडी निघाली, तेव्हा सर खिडकीतून काहीतरी बोलले आणि उत्तरासाठी थांबले. इंजिनाच्या आवाजात मला ते ऐकूच आलं नाही.

तिकडे मुलगा-सून दिवसभर कामावर असतात. सरांचे कानही आता गेलेत. मी फोन केला की म्हणतात, "ऐकू येत नाही रे," आणि ठेवून देतात. म्हणून परवा त्यांना पत्र पाठवलं:

"आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

समीरदादा सांगत होते, शेजारी काय म्हणतील म्हणून तुम्ही हल्ली मोठ्याने वाचत नाही. रविवारी सकाळी मी फोन करीन. तो घ्या आणि ठेवू नका. फोन कानाला लावलेल्या माणसाला कोणी वेडा म्हणत नाही.

तुम्ही श्लोक म्हणा. कोण बोलतंय, कोणाशी, ते विचारा. माझं उत्तर तुम्हाला ऐकू येणार नाही. ते नेहमीसारखं तुम्हीच सांगून टाका. मी मात्र इकडे खरोखर उत्तर देत असेन. वडील हल्ली माझ्याकडेच असतात. त्यांनाही जवळ बसवीन. त्यांना संस्कृत कळत नाही, पण घेवडा सोलता सोलता ऐकतील, आणि आवाज बसला असेल तर मला सांगतील.

प्रश्न विचारल्यावर थांबायचं तेवढं विसरू नका.

तुमचा,
वेल्हेकर"