व्याह्यांच्या मागून

माझ्या व्याह्यांना आणि मला एकच खूळ आहे, सायकलीचं. दरवर्षी थंडी सरताना आम्ही एक मोठी चक्कर मारतो. पहाटे नंदुरबारहून निघायचं, तळोदा, अक्कलकुवा करून देवगोईचा घाट चढायचा, मग मोलगी, धडगाव, आणि शहाद्याकडे उतरून प्रकाशाच्या पुलावरून दिवस मावळता घर. आमच्या वयाला हे शोभत नाही असं सगळे म्हणतात, आणि खरंच शोभत नाही.

या चकरेचा नियम एकच. व्याही पुढे, मी मागे. मी पडलो मुलीचा बाप. घाटात माझे पाय त्यांच्यापेक्षा बरे चालतात, पण लेक ज्या घरात दिली त्या घरच्या माणसाला ओलांडून जायचं? छे! ते वळणावर मागे बघून आमच्या अहिराणीत विचारायचे, "काय याही, दमनात का?" मी म्हणायचो, "नही, तुम्ही चाला पुढे." त्यांच्या घरी परतलो की विहीणबाई दोघांची ताटं मांडायच्या. पाहुणा म्हणून वाढायला आधी माझ्याकडे वळायच्या, आणि मी ताटावर हात आडवा धरायचो. आधी व्याह्यांना. दरवर्षी त्या हसायच्या.

गेल्या दिवाळीनंतर विहीणबाई गेल्या. व्याही रडले नाहीत. सगळं क्रियाकर्म नीट केलं आणि गप्प झाले. एक दिवस लेकीचा फोन आला. "पप्पा, तुमना याही आमना संगे जेवाले बसतच नहीत. ताट खोलीमा लई जातस, अर्धं तसंच परत येस. तुम्ही त्यासले सायकलवर लई जा ना."

म्हणून यंदाही निघालो. मनाशी चार वाक्यं जुळवून ठेवली होती, धीराची. पण मला सांत्वन करता येत नाही. तोंड उघडलं की माझ्यातून हवामानच निघतं. अक्कलकुव्यापर्यंत मी थंडी, धुकं आणि यंदाची मिरची एवढ्या तीन विषयांवर बोललो. ते "हं" म्हणाले.

घाटात सागाची पानं गळून रस्ताभर पसरली होती, चाकाखाली कुरकुरत होती. व्याही इतके हळू चढत होते की मागे माझी सायकल उभ्या जागी डुलायला लागली. पुढे जाता येत नव्हतं आणि पाय टेकवावा तर त्यांना वाटेल, हा कंटाळला. मला त्यांचा राग आला. मग त्यांची वाकलेली पाठ बघून माझाच राग आला.

मोलगीनंतर जंगल संपतं. पुढे नुसते उघडेबोडके डोंगर, वाळलेलं गवत, तापलेला दगड, सावली म्हणून नाही. वाटेतल्या एकुलत्या एका बाभळीखाली आम्ही लेकीनं दिलेलं फडकं सोडलं. कळण्याची भाकरी आणि ठेचा. व्याह्यांनी एक तुकडा मोडला आणि बाकीची भाकरी माझ्याकडे सरकवली. मी ती खाल्ली. नको होती, तरी खाल्ली. जुळवलेल्या चार वाक्यांतलं एकही आठवेना.

शहादा सोडलं आणि समोरून वारा सुरू झाला. फाल्गुनातला दुपारचा वारा, छातीवर हात ठेवून मागे ढकलणारा. व्याही थोडा वेळ झगडले, मग एकदम बाजूला झाले.

"याही, पुढे व्हा."

"असं कसं? तुम्ही चाला."

"व्हा हो पुढे!" ते ओरडले. "आंगमा जीव नही ऱ्हायना मन्हा."

मी पुढे झालो. अशा वाऱ्यात पुढच्यानं वारा अंगावर घ्यायचा आणि मागच्यानं त्याच्या चाकाला चाक लावून आडोशानं यायचं, एवढं सायकलवाल्यांना ठाऊक असतं. इतकी वर्षं तो आडोसा मीच घेत आलो होतो, हे माझ्या लक्षात तेव्हा आलं.

प्रकाशाचा पूल ओलांडल्यावर मागून आवाज आला. आधी वाटलं, त्यांच्या चेनचा असेल. मग कळलं. व्याही रडत होते. लहान मुलासारखे, हुंदके देत, आणि पायही मारत होते.

मी मागे वळून पाहिलं नाही. थांबलो नाही. थांबलो असतो तर त्यांनी डोळे पुसले असते आणि सगळं पुन्हा आत गेलं असतं. वेग तेवढाच ठेवला, अंतर पडू दिलं नाही. माझेही डोळे वाहत होते, पण माझ्या तोंडावर वारा होता. माझी सोय होती.

गावाजवळ मिरची वाळत घातलेल्या लालभडक पथाऱ्या लागल्या. व्याही शेजारी आले, डोळे सुजलेले. म्हणाले, "मिरचीना ठसका लागना."

"हो," मी म्हणालो, "यंदा भारी तिखट शे."

त्यांचं रडणं सुरू झालं तेव्हा पथाऱ्या कितीतरी लांब होत्या.

घरी लेकीनं माझं ताट मांडलं आणि सासऱ्यांचं खोलीत न्यायला उचललं. व्याही हातपाय धुऊन आले, तिच्या हातातून ताट घेतलं आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसले. लेक जागीच उभी राहिली. मग भाजीचं पातेलं घेऊन आधी माझ्याकडे वळली. सवयीनं माझा हात ताटावर आडवा गेला.

"हात काढा याही," व्याही म्हणाले. "आज तुम्ही पुढे व्हतात."

मी हात काढला.