खळ्यावर ऐकलेला सूर्याचा वारा

त्या वर्षी नामांतराच्या मोर्च्यांमुळे परभणीच्या गाड्या कधी चालू, कधी बंद असायच्या. कॉलेज धड भरत नव्हतं, म्हणून भावाची मुलगी ऐन खळ्याच्या दिवसांत घरी आली. ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. मी तिची आत्या. राणीसावरगावच्या सासरहून मी कायमची परत आले तेव्हा ती पाळण्यात होती. भावाच्या घरात कामाशिवाय माझ्याशी बोलणारी ती एकटीच.

मी तिपाईवर उभी राहून ज्वारी उपणत होते. दाणे पायाशी पडत, भूस लांब जाऊन पडे. ती खालून टोपली भरून देत होती. मध्येच वारा पडला, तशी आम्ही दोघी थांबलो.

"आत्या, सूर्यालाबी वारा असतो, ठावं हाय का?"

"वर हवा न्हाई म्हणतेस. मंग वारा कशाचा?"

"हवेचा न्हाई. सूर्य सोताच बारीक कण फेकायलाय, सगळ्या बाजूंनी. सगळेच तारे फेकतात. त्यांच्याभोवतीबी ग्रह फिरत असतील म्हणतात सर, पर त्ये दिसणं लय अवघड. जो ग्रह ताऱ्याच्या लय जवळ असंल, त्याची हवा या वाऱ्यानं हळूहळू उडूनच जाईल."

"मंग आपली कशी ऱ्हायली?"

"आपली पृथ्वी आतून लोहचुंबकावानी हाय. ती वाऱ्याला बाजूला सारती. मंगळाला तसं ऱ्हायलं न्हाई, म्हणून त्याची हवा गेली असंल म्हणतात."

मला ते सगळं समोर दिसायला लागलं. भूस उडतं तशी एखाद्या जगाची हवा उडून चालली आहे, आणि तिथं पाहायला कोणी नाही. मी न राहवून विचारलं, "एवढं फेकून सूर्य सरत न्हाई का?"

आमच्याकडे रास घरी जाईपर्यंत खळ्यावर 'सरलं' हा शब्द तोंडातून काढत नाहीत. लहान लेकरालाही हे ठाऊक असतं. राशीची कड झाडत असलेल्या वहिनीनं झाडणी खाली टाकली.

"वन्सं, तुमचं घर सरलं तेवढं पुरं झालं. आता माझ्या राशीवर नका येऊ."

"आई, आता तूबी म्हणलीसच की," मुलगी म्हणाली.

वहिनीनं तिच्याकडे पाहिलं नाही. मला म्हणाली, "उतरा खाली. मी उपणते."

मी उतरले आणि बांधावरच्या बाभळीखाली जाऊन बसले. थोड्या वेळानं वारा सुटला. वहिनी तिपाईवर चढली. मुलगी तिला टोपली भरून देत होती, पण आता बोलत नव्हती.

ऊन कलल्यावर भाऊ माझ्याजवळ येऊन बसला. त्यानं मानवतच्या स्थळाचं सांगितलं. घर चांगलं होतं, सरकीचं दुकान होतं, मुलगा शांत होता.

"पोरगी पुढं शिकायला औरंगाबादला जाते म्हणती. तिथं रोज काही ना काही चालूच हाय. ती तुझं ऐकती. तू समजाव तिला."

मानवतला सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. मी सणावाराला गेले असते, तिनं 'आत्या' म्हणत दार उघडलं असतं. औरंगाबाद मी पाहिलंही नव्हतं. मी भावाला फक्त 'हो' म्हणायचं होतं, आणि ते माझ्या सवयीचं होतं.

पण स्थळाचं नाव निघालं की ती मान खाली घालून चटईच्या काड्या उपसत बसायची. माझ्या लग्नाच्या वेळी मीही तशीच गप्प बसले होते, आणि सगळ्यांनी तोच माझा होकार धरला.

"मी न्हाई सांगायची, भाऊ," मी म्हटलं. "तिला शिकायचंय. जाऊ दे तिला."

भावानं माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "आन तू काय करशील?"

मी घरात किती एकटी आहे हे त्याला ठाऊक होतं, ते मला त्या दिवशी कळलं. तो उठून राशीकडे गेला. पुढं मानवतचा विषय त्यानं काढला नाही.

पेरण्या चालू असताना ती औरंगाबादला गेली. त्यानंतर घरात मी बोलले ते जेवायला वाढताना आणि जनावरांशी.

दिवाळीला ती आली. मी एक प्रश्न तिच्यासाठी जपून ठेवला होता. त्या ग्रहांची उडालेली हवा जाते कुठं? दुसऱ्या कोणाला ती लाभते का? ती वसतिगृहातल्या मैत्रिणींचं सांगत होती, आठवून आठवून हसत होती. मी तिच्या डोक्याला तेल लावत ऐकत राहिले. तिचं हसणं मोडून विचारावंसं वाटलं नाही.

जाताना गाडीच्या खिडकीतून ती म्हणाली, "आत्या, या टायमाला तू काही इचारलंच न्हाईस."

"पुढच्या टायमाला इचारीन," मी म्हटलं.

गाडी झरी गावाकडे वळून दिसेनाशी झाली, तरी मी फाट्यावर उभी होते. घरी जायची मला घाई नव्हती.