मधपेटीचं दार

मला राग लवकर येतो. आता वयानं थोडा निवळलाय, पण पंचविशीत तो कायम नाकाच्या शेंड्यावर असायचा. त्या रागापायी मी एका बाईची अख्खी रब्बी मातीत घालणार होतो. घातली नाही, ते तिच्यामुळे. तिचे उपकार लिहून ठेवावेत, एवढ्यासाठी हे.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. दुष्काळ नुकता सरला होता आणि मी मधपेट्यांच्या एका योजनेवर नोकरीला लागलो होतो. सायकलच्या कॅरिअरला माशा शांत करायचं धुराडं बांधून नेवासे तालुक्यातली गावं पालथी घालायची, शेतकऱ्यांना पेट्या द्यायच्या, माशा सांभाळायला शिकवायचं आणि निघालेला मध नगरच्या एका वैद्यांकडे पोचवायचा. तोवर लोक झाडावरचं पोळं धूर करून पाडायचे आणि अंड्यापिल्लांसकट हातानं पिळायचे. वैद्य तसला मध नाकाजवळही नेत नसत. पेटीतला, यंत्रानं काढलेला स्वच्छ मध मात्र ते हवा तेवढा घ्यायला तयार होते. गावोगाव माझं नाव माशीवाला पडलं होतं.

शिंगणापूरच्या शिवारात एक मावशी होती. पन्नाशीची, दोन एकरांची मालकीण. घरधनी गुडघ्यांनी अधू, त्यामुळे शेत तीच बघायची. तिच्या बांधावरच्या लिंबाखाली मी दोन पेट्या ठेवल्या होत्या. शिवाय माझ्याच शब्दावर तिनं अर्धा एकर बियाण्याचा कांदा लावला होता. कांद्याच्या गोंड्यांवर माशा फिरल्या की बी चांगलं भरतं आणि घोडेगावच्या बाजारात हातोहात खपतं, हे मीच तिला छातीठोकपणे सांगितलं होतं. बिचारीनं माझ्या तोंडाकडे बघून ज्वारीचं रान मोडलं.

इकडे पूर्वेकडच्या गावांत आमच्या पेट्या रिकाम्या पडायला लागल्या. माशा उठून जायच्या. वरून हुकूम आला की प्रत्येक पेटीच्या तोंडाला फाटक लावा. फाटक म्हणजे बारीक फटींची पत्र्याची पट्टी. कामकरी माशी त्यातून ये-जा करते, राणी अंगानं मोठी म्हणून अडते. राणी आत राहिली की सगळं बिऱ्हाड आत राहतं.

मावशी म्हणाली, "न्हाई लावायचं."

"का?"

"आमच्या घराला दार न्हाई, भाऊ. अख्ख्या गावात कुनाच्या न्हाई. देव राखतो म्हनून आमी उघड्यावर झोपतो, आन् माझ्या रानातल्या जिवाच्या तोंडाला पत्रा ठोकू व्हय?"

"अहो मावशी, माशीला काय शनिदेव माहीत आहे?"

"तिला नसंल. मला हाय की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उद्या माशा गेल्या तर माझ्या नावानं खडे फोडू नका, असं ओरडून मी सायकलवर टांग टाकली. मागून ती "चा तर घिऊन जावा" म्हणत होती. मी वळूनही बघितलं नाही.

संक्रांतीच्या आधी मी पुन्हा गेलो तेव्हा ती बाजारला गेली होती. पिशवीत एकच फाटक होतं. इकडे तिकडे बघितलं आणि एका पेटीला ते ठोकून दिलं. कुणी कशाला कडी लावत नाही अशा गावात चोरासारखा वागणारा मी एकटाच! खरं तर फाटक लावण्याआधी पेटी उघडून राणी बघायची असते. पण मावशी येईल या धाकानं मी पेटी उघडलीच नाही. पुढे महिनाभर कामाचं निमित्त करून तिकडे फिरकलोही नाही.

मग मोठे साहेब आले. जिथं माशा टिकत नाहीत तिथल्या पेट्या उचलायच्या, असं वर ठरलं होतं. त्यांच्याच जीपमधून मी शिंगणापूरला गेलो. कांद्याचे गोंडे फुटायला आले होते. एक पेटी नुसती घुमत होती. फाटक लावलेली पेटी मात्र गप्प. साहेबांनी ती उघडली. आत मूठभर माशा आणि नुसती नरांची पिल्लं. बघताक्षणी मला कळलं. मी फाटक ठोकलं तेव्हा आत नवी, कोवळी राणी होती. ती एकदा बाहेर उडून नरांना भेटून आली, तरच तिच्या अंड्यांतून कामकरी माशा होतात, नाहीतर नुसते नर. तिला मी कोंडून घातलं होतं.

साहेब मावशीवर उखडले. "फाटक लावूनही पेटी गेली, म्हणजे तुम्ही सांभाळलीच नाही. दोन्ही पेट्या जीपमध्ये घाला."

मावशीनं आधी कांद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. फाटक कुणी लावलं हे तिला पक्कं ठाऊक होतं. माझं नाव घेतलं असतं तर तिची पेटी वाचली असती. ती एवढंच म्हणाली, "न्या सायेब, पन गोंडे फुलून जाऊ द्या. तेवढे पंधरा-इस दिस."

"जमायचं नाही."

ड्रायव्हर पेटीकडे निघाला. नोकरी जाणार, घरी काय सांगू, हेच डोक्यात घोळत होतं. आणि ही बाई हात जोडून उभी! मला माझीच शरम वाटली.

"साहेब, फाटक मी लावलं," मी म्हणालो. "त्यांना न विचारता. आत राणी बघितली नाही. पेटी माझ्यामुळं गेली, त्यांनी काही केलेलं नाही."

साहेबांनी मला बांधावरच असं झापलं की लिंबावरचे कावळे उडाले असतील. मग मावशीकडे वळून म्हणाले, "तुमची पेटी राहू द्या. आणि हा माणूस मी बदलून देतो."

"नगं सायेब," मावशी म्हणाली. "ह्यो जे शिकलाय ते माझी एक पेटी घालवून शिकलाय. नवा आला की त्यो बी एक घालवंल. माझ्याकडं आता एकच उरलीया."

साहेबांना हसू आवरेना. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. पेटी राहिली, मीही राहिलो. गोंडे फुलले, बी भरलं, आणि घोडेगावच्या बाजारात बियाण्याचं पोतं माझ्याच खांद्यावरून उतरलं. नंतरच्या नोकरीत माझी स्तुती करणारे पुष्कळ भेटले. पण इतकं खरं बोलून मला कुणी वाचवलं नाही.