बाबांच्या हातावर बंद पडणारं घड्याळ

बाबा आयुष्यभर बोटीवर, इंजिनरूममध्ये होते. त्यांनी एखाद्या यंत्राला "बरं आहे" म्हणणं म्हणजे फारच झालं. मला त्यांच्याकडून तेवढंच ऐकायचं होतं. बंद पडलेली स्वस्त ऑटोमॅटिक घड्याळं ऑनलाइन मागवायची, डोळ्याला भिंग लावून उघडायची, साफ करून पुन्हा जुळवायची, हा नाद मला नुकताच लागला होता. मिरजोळ्याच्या कारखान्यातून घरी आले की चहा, आणि लगेच चिमटा हातात. "नसते उद्योग," आई म्हणायची. पहिली दोन घड्याळं मी पार मारून टाकली. तिसरं चाललं, आणि तेच बाबांच्या मनगटावर बांधलं.

या घड्याळाला सेल नसतो. आत एक लोलक असतो, हात हलला की तो फिरतो आणि चावी आपोआप भरते. माणूस हिंडता-फिरता असला की घड्याळ चालू.

दोन दिवसांनी बाबा म्हणाले, "तुझं घड्याळ मेलं गो."

माझं डोकंच फिरलं. उघडून पाहिलं, सगळं ठाकठीक. स्वतःच्या हातात घालून कामावर गेले, तर आठवडाभर बिनतक्रार चाललं. बाबांना दिलं, की पुन्हा बंद.

"तुम्ही काढून ठेवत असणार," मी म्हटलं.

"आंघोळीपुरतं काढतो."

"मग खोटं कोण बोलतंय, घड्याळ?"

"घड्याळ कशाला खोटं बोलेल?" म्हणाले, आणि पेपरात डोकं घातलं.

रविवारी बांगड्याचं तिखलं होतं. मी मुद्दाम त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, आज बघतेच हे मेलं कसं थांबतं ते. बाबांचा घड्याळाचा डावा हात मांडीवर होता. जेवताना डावा हात कुणाचा हलतो? म्हणून मला काहीच वाटलं नाही. तेवढ्यात त्यांना ठसका लागला. पाण्याचा पेला डावीकडेच होता. उजवा हात खरकटा असला की आपण सगळेच डाव्याने पेला उचलतो, विचारही करत नाही. बाबांनी कालवणाने माखलेला उजवा हात आडवा नेला आणि पेला उचलला.

माझा घास हातातच राहिला.

"बाबा, डावा हात वर करा."

"जेव गो गप."

"करा वर."

त्यांनी उजव्या हाताने डावा उचलला आणि टेबलावर ठेवला, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा.

"बोटं जरा जड झालीत," ते म्हणाले. "डॉक्टरकडे गेलो की तुझा भाऊ मला मुंबईला नेऊन अकराव्या मजल्यावर बसवणार. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणतो. नुसता दिसून काय करू?"

मी आईकडे वळले. "आई, ऐकतेस ना? ह्यांचा हात..."

आई भात वाढत होती. "शर्टाची बटणं रोज कोण लावतं त्यांना?" ती म्हणाली.

तो हात मी कितीदा स्वतःच्या हातात घेऊन पट्टा बांधला होता, आणि दर वेळी बघितलं काय, तर सेकंदकाटा! मला स्वतःची चीड आली, त्या दोघांची त्याहून जास्त आली.

तशीच ताटावरून उठले आणि रिक्षा बोलावली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूला लहानसा झटका येऊन गेलाय, आधी यायला हवं होतं, आता व्यायामाने बोटं येतील तेवढी येतील. बाहेर येऊन मी फोन काढला तेव्हा बाबांनी माझं मनगट धरलं. वादळातल्या गोष्टी हसत हसत सांगणारा हा माणूस घाबरला होता. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं.

"सांगू नको गो त्याला."

भावाने फोन उचलला. "बाबा इथून कुठेही जाणार नाहीत," मी आधी एवढंच म्हटलं. "तू इकडे ये." काय झालंय ते सांगायला मला त्यानंतर बराच वेळ लागला.