एकादशी पाळणारं कासव

जो जीव ओरडत नाही, तो आजारी आहे हे तुम्ही कशावरून ओळखता?

माझ्या वडिलांनी आयुष्यभर पत्रकं छापली. अंधश्रद्धेविरुद्ध, हुंड्याविरुद्ध. ती वाचत मी मोठी झाले, चौकात उभी राहून वाटलीही. ते गेले आणि संग्रामपूरच्या घरात आई एकटी उरली. मी नोकरीसाठी बुलढाण्याला. तिला सोबत म्हणून अकोल्याहून कासवाचं पिल्लू आणलं. हिरव्या पाठीचं, कानाशी लाल पट्टा असलेलं. दुकानदाराने बजावलं होतं, गांडूळ द्या, सुकी मासळी द्या, रोज ऊन दाखवा, बसायला कोरडी जागा ठेवा.

आईने टब देवघराशेजारी ठेवला.

"गांडूळ? देवापाशी? देवळातल्या कासवाले कोणी गांडूळ देते का वं?"

"आई, ते दगडाचं आहे."

"म्हणूनच इतके वर्ष टिकलं."

मी हसले. चौकात तासभर वाद घालणारी मी तिथे गप्प बसले. वडील गेल्यापासून ती पहिल्यांदाच कुणाशी तरी दिवसभर बोलत होती. कासव ताटलीतून उचलून वरणभात खाऊ लागलं, म्हणजे निदान आई तसं सांगायची. एकादशीला त्याला भगर असे.

डिसेंबरात तिचा फोन आला. "त्याले समाधी लागली वं. डोळे मिटले. चार दिवस झाले, शीत घेतलं नाही. गल्लीतल्या बाया पाया पडून राह्यल्या."

शनिवारी गेले. पाठीवर हळदकुंकू होतं. पापण्या फुगून चिकटल्या होत्या. कवचाची कड दाबली तर भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली.

गुरांच्या डॉक्टरांनी त्याला खिडकीशी धरलं. पोषण नाही म्हणून डोळे सुजले, ऊन नाही म्हणून कवच मऊ पडलं, म्हणाले. दिसत नसलं की हे खात नाही. "आणि ताटलीत कशाला देत होत्या? तोंड पाण्यात असल्याशिवाय याला घास गिळता येत नाही." त्यांनी सुई टोचली. उशीर झालाय, हेही सांगितलं.

सोमवारी ते मेलं. मी परसात खड्डा केला, पुरलं, हात धुतले, चहा ठेवला. रडू आलं नाही. रागही आला नाही, आणि एरवी माझ्याकडे त्याची कमी नसते.

आई टबातलं पाणी ओतून आली. "तुले दुकानदारानं सारं सांगितलं होतं. मंग माह्यासंग काऊन नाही भांडली वं? साऱ्या गावासंग त भांडते."

मी चहा गाळत राहिले.

तुमच्या घरी असं कासव असेल तर आजच त्याच्या टबात एक कोरडी वीट ठेवा आणि टब उन्हात सरकवा. डोळे मिटलेले दिसले तर उद्याची वाट न बघता डॉक्टरकडे न्या. आणि त्याला रोज खाऊ घालणारं जे कुणी माणूस असेल, त्याच्याशी भांडावं लागलं तरी चालेल, पण सगळं सांगा.