अनवाणी न चालण्याचा कौल

आमच्या घरात बूट कोणाकडेच नव्हते. त्यामुळे माझ्या पायात बूट जात नाही, हे कळायला मला पदवीधर व्हावं लागलं.

बाबा मुंबईत एका खानावळीत कामाला होते. गणपतीला आणि शिमग्याला येत, एरवी घर आईच्या डोक्यावर. राजापूरपासून आत आमचं गाव. भाताचे दोन तुकडे आमचे, बाकी आई दुसऱ्यांच्या आंब्याच्या बागेत मजुरीला जाई. मी चार-पाच वर्षांची असताना तिच्या मागून भाजावळीच्या जागेत शिरले. आमच्याकडे भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची, तो तुकडा पाला आणि शेण पसरून आधी भाजून काढतात. वरून राख थंड दिसते, पोटात निखारा असतो. माझा उजवा पाय घोट्यापर्यंत त्यात रुतला.

जखम भरली, पण कशी भरली ते सांगते. ज्यानं जे सांगितलं ते आईनं लावलं. कातडी आखडत गेली आणि अंगठा सोडून चारही बोटं पावलाच्या पाठीवर ओढली गेली, वाऱ्यानं छत्री उलटावी तशी. थंडीत तो व्रण फुटायचा, रक्त यायचं. पाय भाजला त्याच वर्षी आई ग्रामदेवी सोमजाईला नवस बोलली होती, की पोरीची बोटं सरळ झाली तर शिमग्यात पोर आमच्या घरापासून सहाणेपर्यंत, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यापर्यंत, पालखीपुढे अनवाणी चालेल. मला या नवसाचं हसू यायचं. देवीला बोटं सरळ करायची असती तर इतकी वर्षं ती कशाला थांबली असती, असं मी आईला तोंडावर विचारत असे.

तरी मी शिकले. बी.एस्सी. झाले, रसायनशास्त्र घेऊन. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, आणि हे मी मान वर करून सांगते. रत्नागिरीत मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी निवड झाली. तिथे गमबूट घातल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. साहेबांनी वेगवेगळ्या मापांचे बूट मागवले. एकातही पाय गेला नाही. साहेब माणूस चांगला, म्हणाले, "पाय बरा झाला की ये. बुटाशिवाय मी तुला आत घेऊ शकत नाही." पाय बरा होतो, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

बाहेर एस.टी.च्या थांब्यावर बसले. रडत नव्हते, रागात होते. शेजारी ओढणी डोक्यावरून घेतलेली एक वयस्कर बाई होती, बंदराकडची असावी. ती माझ्या पायाकडेच बघत होती.

"भाजलंय ना गो?"

"हो. काय बघायचंय?" मी फटकन म्हणाले.

तिनं बाही वर सरकवली. कोपराच्या आतल्या बाजूला चौकोनी, वेगळ्या रंगाची, पण मऊ कातडी होती. "तेलाची कढई सांडली. हात असा दुमडून बसला, घास पण तोंडात घालता येत नव्हता. कापून सोडवलान डॉक्टरणीनं. मांडीची कातडी लावलीन. बघ." आणि तिनं हात सरळ करून दाखवला. कोणत्या दवाखान्यात, कोणत्या वारी ती डॉक्टरीण येते, सगळं सांगितलं. तिची गाडी आली, ती चढून गेली. नाव विचारायचं मला सुचलं नाही. त्या थांब्यावर मी पुढे किती वेळा बसले असेन, ती परत दिसली नाही.

तिनं सांगितलेल्या वारी मी त्या दवाखान्यात गेले. डॉक्टर बाईंनी पाय हातात घेतला आणि बोटं एकेक करून हलवून बघितली. ऑपरेशन झालं. आखडलेला व्रण कापून बोटं खाली आणली, मांडीची पातळ कातडी पावलावर बसवली, बोटांतून बारीक तारा घातल्या. तारा काढल्या त्या दिवशी त्या म्हणाल्या, "सोडवायचं काम माझं होतं, ते झालं. आता हा व्रण पुन्हा आखडू द्यायचा नाही, ते काम तुझं. कातडी वर्षभर ओढत राहणार." बोटांच्या बेचक्यांत स्पंजच्या घड्या, व्रणावर सिलिकॉनची पट्टी, वरून घट्ट मोजा, झोपताना बोटं सरळ धरून ठेवणाऱ्या साच्यात पाय, आणि सकाळ-संध्याकाळ तेल लावून मालिश. "आणि अनवाणी चालायचं नाही. ही कातडी मांडीवरची आहे, तिला अजून दगडाची आणि उन्हाची सवय नाही."

शिमगा तोंडावर आला होता.

आईचं म्हणणं सरळ होतं. बोटं सरळ झाली, आता पोर चालणार. त्यात नवी कातडी जोडली होती तिच्या कडेनं व्रण लाल होऊन फुगू लागला, खाजही सुटली. मला डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की असं होऊ शकतं, म्हणूनच तर पट्टी आणि मोजा. आईला मात्र त्यात देवीचा राग दिसला. "तिनं दिलान तसं ती परत नेईल," असं म्हणून ती जेवेना. शेजारच्या काकी भर घालत होत्याच. मी आईला घेऊन डॉक्टरांकडे गेले. वाटलं, त्या तिला झापतील. त्यांनी झापलं नाही. म्हणाल्या, "मावशी, मी अनवाणी चालायला परवानगी देणार नाही. गर्दीत एखाद्याची टाच पडली तर केलेलं सगळं फुकट जाईल. पण नवस तुमचा आणि देवीचा. तिच्याकडून वर्षभराची रजा मागून बघा."

म्हणून आम्ही कौल लावायला देवळात गेलो, शेजारच्या काकीही मागोमाग आल्या. गुरवकाकांनी मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी मागे उभी होते, आणि आत्ता खरं लिहिते, मी इतकी कधीच घाबरले नव्हते. मी चालणार नव्हते, हे माझं ठरलेलं होतं. पण नकार आला असता तर आई आयुष्यभर माझ्या पायाकडे भीतीनं बघत राहिली असती. पाय वाचवायचा तर आईचं मन मोडायचं, मन राखायचं तर पाय घालवायचा. पदवीचा कागद इथे काही कामाचा नव्हता. मी डोळे मिटले आणि पहिल्यांदाच देवीशी भांडले नाही. एवढंच म्हणाले, तू सांगशील ते ऐकायची ताकद आम्हा दोघींना दे.

"बाय सोमजाई," गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं, "नवस लेकराचा हाय, तो तुला पावता हाय काय?" उजवी पाकळी लगेच पडली. म्हणजे नवस देवीला पोचला होता, तो फेडायलाच हवा होता. काकांनी पुन्हा पाकळ्या लावल्या. "पोर यंदा चालली नाय, पुढच्या शिमग्याला चालली, तर तुला चालंल काय?"

काहीच पडेना. काकींनी हळूच खोकून घेतलं. आईचे ओठ हलत होते. मग उजवी पाकळी सुटली, मूर्तीच्या खांद्यावरून घसरली आणि काकांच्या ताटात आली.

"आता देवी पण डॉक्टरणीच्या मताची झाली वाटतं," काकी म्हणाल्या.

"झाली तर झाली," आई म्हणाली. "तू घरी जा." आणि त्या दिवशी तिनं पोटभर भात खाल्ला.

पाकळी का पडली, ओलावा सुकला म्हणून की आणखी कशानं, ते मी कोणाला पटवायला जात नाही. मी विज्ञान शिकले आहे, मला दोन्ही उत्तरं माहीत आहेत. मला जे दिसलं ते असं, की त्या दिवसापासून मालिशची वाटी आईच्या हातात गेली. जो पाय ती भीतीनं बघत होती तो मांडीवर घेऊन ती तेल जिरवायची, फुगलेली कड अंगठ्यानं दाबायची, घड्या धुऊन वाळवायची. शिमग्यात पालखी आमच्या दारात आली तेव्हा मी मोजा घालून उंबऱ्याच्या आत बसले होते. आपण जाऊ शकत नाही तिथवर देवी स्वतः येते, हे मी लहानपणापासून दर वर्षी बघत होते. त्या वर्षी ते मला कळलं.

महिन्यांमागून महिने गेले. कड बसली, लाली उतरली, खाज थांबली. पुढच्या शिमग्याला डॉक्टरांनी पाय नीट तपासून होकार दिला आणि मी सकाळच्या थंड कातळावरून पालखीपुढे सहाणेपर्यंत चालले. आई शेजारून चालत होती.

शरण जाणं म्हणजे हातपाय गाळून बसणं, असं मला वाटायचं. तसं ते नाही. उत्तर आपल्या मनासारखं येईलच असं न धरता प्रश्न विचारायचा, आणि उत्तर येईपर्यंत पट्टी रोज बांधायची. त्या थांब्यावरच्या बाईला, डॉक्टरांना, गुरवकाकांना आणि माझ्या आईला ज्यानं कोणी माझ्या वाटेवर उभं केलं, त्याला माझा नमस्कार.

माझ्या उजव्या पायाची पाचही बोटं जमिनीला टेकतात. व्रण मऊ आहे, फुटत नाही. गमबूट घालून मी त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत कायम नोकरीला आहे.