'श्री' नावाचं फोल्डर

आमच्या प्रोग्राममधला सगळ्यात जुना कोड माझा. जालन्यात कॉम्प्युटरचं दुकान टाकलं अन् सत्त्याण्णव साली व्हायरस पकडणारा प्रोग्राम मी, भुजंगनं, एकट्यानं लिहिला. बियाणेवाल्यांनी डोळे झाकून घेतला. त्यामुळं २००६ साली वडीगोद्रीची एक पोरगी माझ्या तोंडावर म्हणाली, "सर, हा कोड काढून टाकावा लागंल," तव्हा माझं डोस्कंच फिरलं.

पोरीचं नाव सत्यशीला. तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवलेली, त्यातले दोन झालेले. बोलायची कमी, पण बोलली की माघार न्हाई. आई मालनबाई साहेबरावांच्या बियाणे कंपनीत बी निवडायला जायच्या. त्या रोजावरच पोरगी शिकली.

हे साहेबराव आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांचे कॉम्प्युटर दर आठवड्याला बंद पडून राह्यले अन् आमचा प्रोग्राम म्हणायचा, सगळं साफ. साहेबराव फोनवर कडाडले, "भुजंगराव, सोमवारपर्यंत बराबर करा, न्हाईतर तुमचा प्रोग्राम काढून फेकतो!"

सत्यशीला तिथं गेली अन् तासाभरात कारण घेऊन आली. आपल्याकडं नवी वही 'श्री' लिहिल्याशिवाय कोण उघडतं? साहेबरावांनी पाडव्याला नव्या कॉम्प्युटरची पूजा केल्ती, पहिलं फोल्डर देवनागरीत 'श्री' नावानं केल्तं अन् कंपनीचं सगळं काम त्याच्याच पोटात ठेवल्तं. माझा कोड अक्षरांच्या जुन्या तक्त्यावर चालायचा. त्या तक्त्यात देवनागरीला जागाच न्हाई. 'श्री'च्या जागी त्याला प्रश्नचिन्ह दिसायचं, अन् ते फोल्डर न उघडताच तो गुपचूप पुढं निघायचा. व्हायरस आत आरामात बसला होता.

"सगळी नावं युनिकोडमध्ये वाचू, सर. त्यात मराठी बी बसते."

"वाच की! पण तपासणीला आत्ता बारा मिनिटं लागतात. वेळ वाढला की लोक प्रोग्रामच बंद करून टाकतात. एक मिनिट जरी वाढलं, तर पुढच्या महिन्यापासून तू येऊ नको."

रागाच्या भरात बोलून गेलो. ती फक्त "चालंल, सर" म्हणाली. भ्यायली न्हाई, त्याचा मला आणखीच राग आला.

शुक्रवारी तिचा कोड चालवला. 'श्री' दिसलं, पण एकोणीस मिनिटं लागली. हरेक नाव नव्या तक्त्यात बदलून घ्यायचं, अन् नावं तर लाखभर! "बघ, जुनं ते सोनं," मी म्हणलं. खरं सांगतो, मनातून खूश झाल्तो. आता त्याची लाज वाटते.

शनिवारी दुपारी ती आईला डबा द्यायला गेली अन् पळतच परत आली.

"सर, आई ताटात बियाणं पसरते. चांगल्याला हातच लावत न्हाई, खराब तेवढं उचलते. आपण हरेक नाव उचलून राह्यलो!"

अरे देवा! नुसत्या इंग्रजी अक्षरांचं नाव जुन्या तक्त्यात अन् नव्या तक्त्यात सारखंच असतं. त्याला बदलायचं कशाला? नजर टाकायची अन् पुढं जायचं. वेगळं अक्षर दिसंल तेवढंच नाव हातात घ्यायचं. इतकी वर्षं मी बी हरेक नाव उचलून जुन्या तक्त्याशी ताडत होतो, अन् मला ते सुचलं न्हाई. तिनं माझा कोड पुसला अन् दीड दिवसात नवा लिहिला.

सोमवारी साहेबरावांच्या ऑफिसात घड्याळ लावून बसलो. अकरा मिनिटं चाळीस सेकंद, तेही 'श्री' धरून! आतून सतरा फायली खराब निघाल्या.

"वा, भुजंगराव! मानलं तुम्हाला!"

"मला न्हाई," मी म्हणलं. अन् सत्यशीलाला पुढं केलं. "माझा कोड काढला म्हणून हे जमलं. काम हिचं हाय."

निघताना बी निवडायच्या शेडमध्ये गेलो. मालनबाई ताट घेऊन बसल्या होत्या.

"मावशी, तुमच्या पोरीला आजपासून पक्कं केलं."

त्यांनी मान वर केली न्हाई. बोटं चालूच.

"खराब किती निघाले?"

"सतरा."

"अन् चांगल्याला हात लावला का तिनं?"

"बिलकुल न्हाई."

"मंग बराबर," त्या म्हणाल्या अन् पुढचं ताट ओढलं.